टेकूंचा हिशोब

राहत्या इमारतीचा स्लॅब ज्या भारासाठी डिझाइन केलेला असतो, तो पुरता भार त्याच्यावर जन्मात बहुधा कधी येतच नाही. घरातली रोजची माणसं आणि सामान धरलं तरी गणितातला आकडा गाठला जात नाही. काँक्रीट भरताना त्याच स्लॅबखाली उभ्या केलेल्या तात्पुरत्या टेकूंचं नशीब वेगळं. काँक्रीटचा पंप सुरू झाला की चार-पाच तासांत हिशोबातला जवळजवळ सगळा भार त्यांच्या डोक्यावर येऊन बसतो. आणि तो येतो तेव्हा वरचं काँक्रीट स्वतःला तसूभरही सावरत नसतं, नुसतं ओझं असतं. त्यात टेकूंचा माल दहा साइट फिरून आलेला, जमीन नुकतीच भरलेली, आणि उभं करायला दोन दिवस.

तरीही कायमच्या स्लॅबची पाच ड्रॉइंग असतात आणि टेकूंसाठी फक्त 'तीन-तीन फुटांवर लावा' एवढी तोंडी सूचना. बहुतेक साध्या स्लॅबला ती पुरते, म्हणूनच ती सवय मोडत नाही. जाडी वाढली, उंची वाढली, मोठा बीम आला किंवा खाली भराव आला, की तीच सूचना अपुरी पडते, आणि पडल्यावरच ते कळतं.

सुरुवात भारापासून. १५० मिमी जाडीचा साधा स्लॅब घेऊ. सळईसकट ओल्या काँक्रीटचं वजन घनमीटरला २५ किलोन्यूटन धरा (१ किलोन्यूटन म्हणजे साधारण १०० किलो). ०.१५ गुणिले २५, म्हणजे चौरस मीटरला ३.७५. साच्याच्या तळाचा प्लाय, त्याखालचे वासे आणि वाशांखाली टेकूंवर बसणारे रनर यांचं मिळून ०.५. माणसं, व्हायब्रेटर, पाइप, थोडा इकडेतिकडे साचलेला माल यांचे १.५. एकूण ५.७५ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर. टेकू १.२ बाय १.२ मीटरवर असतील तर एकेका टेकूच्या वाट्याला १.४४ चौरस मीटर, म्हणजे ८.२८ किलोन्यूटन.

इथेच बहुतेकांचा हिशोब संपतो आणि इथेच पहिली चूक राहते. भार क्षेत्रफळानुसार समान वाटला जातो हे गृहीत तेव्हाच खरं, जेव्हा रनर प्रत्येक टेकूवर तुटलेला असतो. रनर अखंड असेल तर वाटणी बदलते. दोन गाळ्यांवर (गाळा म्हणजे दोन आधारांमधलं अंतर) एकच अखंड रनर टाकला तर मधला टेकू सव्वापट उचलतो आणि टोकाचे दोघे कमी. तीन गाळ्यांवर अखंड असेल तर आतले दोन टेकू १.१ पट. म्हणजे आपल्या उदाहरणात मधल्या टेकूवर ८.२८ नाही, १०.३५ किलोन्यूटन येऊ शकतात. प्लायखालचे वासेसुद्धा दोन गाळ्यांवर अखंड असतील तर त्यांच्या मधल्या रनरवर आधीच सव्वापट आलेलं असतं, आणि मग सव्वा गुणिले सव्वा. कुठला वासा कुठे जोडला आहे हे ड्रॉइंगवर दाखवायचं ते एवढ्यासाठी.

बीमचं प्रकरण याहून फसवं. ३०० बाय ६०० मिमीचा बीम धरा. काँक्रीट ४.५ किलोन्यूटन प्रति मीटर, त्याच्या रुंदीवरचा चालता भार (माणसं, अवजारं) ०.४५, बाजू आणि तळाचं शटरिंग, म्हणजे साचा, ०.५. बेरीज ५.४५. आता दोन्ही बाजूंच्या स्लॅबच्या टेकूंची पहिली ओळ बीमच्या कडेपासून १.२ मीटरवर असेल आणि स्लॅबचे वासे बीमच्या बाजूच्या शटरवर टेकवलेले असतील, तर प्रत्येक बाजूचा ०.६ मीटरचा पट्टा बीमच्या टेकूंवरच उतरतो. १.२ गुणिले ५.७५, म्हणजे आणखी ६.९. एकूण १२.३५ किलोन्यूटन प्रति मीटर, म्हणजे नुसत्या बीमच्या दुपटीहून जास्त. वासे कशावर टेकले आहेत हा सुताराचा निर्णय वाटतो, पण बीमखालचे टेकू किती अंतरावर हवेत ते त्यावर ठरतं. एक तर स्लॅबसाठी बीमच्या कडेला लागून वेगळी ओळ लावा, नाहीतर बीमच्या टेकूंचं अंतर या १२.३५ वर काढा.

साचणारा ढीग हा वेगळाच भार. पंपाचं तोंड एका जागी दोन मिनिटं राहिलं की अर्धा मीटर उंचीचा ढीग सहज होतो, आणि अर्धा मीटर ओलं काँक्रीट म्हणजे चौरस मीटरला १२ किलोन्यूटन, आपल्या स्लॅबच्या वजनाच्या तिपटीहून जास्त. प्लाय आणि वासे यांच्या हिशोबात हा ढीग धरणं मला परवडतं. टेकूंच्या हिशोबात तो कायम धरला तर साइट टेकूंनीच भरून जाईल. म्हणून तिथे उपाय शिस्तीचा. पाइप फिरता ठेवायचा, आणि ढीग झालाच तर फावड्यानं लगेच पसरायचा, व्हायब्रेटरनं ढकलायचा नाही.

आता टेकू स्वतः. साध्या सरकत्या लोखंडी प्रॉपची ताकद त्याच्या अंगावर कुठे लिहिलेली नसते, ती लांबीवर ठरते. युरोपियन मानक ईएन १०६५ मध्ये प्रॉपचे ए, बी, सी, डी, ई असे क्लास आहेत. पहिल्या तीन क्लासांत प्रॉप जितका उघडाल तितकी ताकद घटते, आणि घट लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात. डी आणि ई हे जास्त जड प्रॉप. त्यांची ताकद पूर्ण उघडल्यावरही टिकते, वापरायचा भार अनुक्रमे सुमारे २० आणि ३० किलोन्यूटन. उदाहरणार्थ बी क्लासचा, जास्तीत जास्त ३.५ मीटर उघडणारा प्रॉप. २.५ मीटरवर त्याची वापरायची ताकद बावीस-तेवीस किलोन्यूटन आहे, पण ३.५ मीटरवर जेमतेम साडेअकरा. मघाचा १०.३५ चा मधला टेकू या प्रॉपवर पूर्ण उंचीला बसतो खरा, पण काठावर. तो थोडा कलला, थोडा वाकलेला असला, तर गेला. तेव्हा माल मागवताना 'तीन मीटरचे प्रॉप' एवढंच न सांगता क्लास विचारा आणि पुरवठादाराकडून लांबीनुसार ताकदीचा तक्ता मागून घ्या. तक्ता मिळत नसेल तर त्या मालाला ए क्लासपेक्षा जास्त समजू नका.

पिन बघा. प्रॉपच्या आतल्या नळीतून जाणारी मूळ पिन उच्च ताकदीच्या पोलादाची, भोकात नीट बसणारी असते. ती हरवते. मग तिच्या जागी सळईचा तुकडा येतो, बहुधा आठ किंवा दहाचा, कारण तोच हाताशी असतो. १६ मिमीच्या पिनऐवजी ८ ची सळई म्हणजे व्यास निम्मा आणि क्षेत्रफळ चौथाई. शिवाय ती भोकात सैल असते, त्यामुळे भार तिच्या दोन बिंदूंवर येतो. सळई वाकते आणि नळीच्या भोकाची कड फाटत जाते. एका साइटवर शंभर प्रॉप असतील तर पिना तपासायला अर्धा तास लागतो. तो स्लॅबच्या दिवशी नाही, माल उतरतानाच घालवायचा.

प्रॉपच्या डोक्यावरचं यू-हेड, म्हणजे रनर बसवायची यू आकाराची खाच, बारकाईनं बघण्यासारखं आहे. यू-हेडची आतली रुंदी १५० मिमी आणि त्यात बसवलेला रनर ७५ मिमी रुंद, हे नेहमीचं दृश्य. सुतार रनर एका गालाला चिकटवून मोकळा होतो. मग रनरची मध्यरेषा प्रॉपच्या मध्यरेषेपासून ३७ मिमी बाजूला जाते. ब्रिटिश मानक बीएस ५९७५ मध्ये अशा प्रॉपला चालणारा बाजूपणा २५ मिमी आहे. म्हणजे एक खिळाही न ठोकता मर्यादा ओलांडली. उपाय फुकटचा आहे. यू-हेड जागच्या जागी फिरवायचं, इतकं की त्याचे दोन्ही गाल रनरच्या दोन विरुद्ध बाजूंना तिरके टेकतील. रनर आपोआप मध्यावर येतो आणि सरकतही नाही. मग फिरू नये म्हणून खिळा किंवा पाचर. जिथे दोन रनर एकमेकांच्या बाजूला येऊन ओव्हरलॅप होतात तिथे ७५ अधिक ७५ बरोबर १५० भरतात, तिथे फिरवायची गरज नाही. पण दोन्ही रनर एकाच उंचीला असावेत. एक ५ मिमीनं उंच असेल तर सगळा भार तोच घेतो, दुसरा नुसता सोबतीला.

ओळंब्याचं मापही पाठ असावं. साध्या प्रॉपला १.५ अंश, म्हणजे मीटरला २५ मिमी कल. तीन मीटर उंचीला ७५ मिमी. ही शेवटची मर्यादा, लक्ष्य नव्हे. टेकूवर टेकू चढवून उंची गाठणं मात्र कुठल्याही मर्यादेत बसत नाही. मधल्या सांध्याला धरून ठेवणारं काहीच नसतं. उंची प्रॉपच्या बाहेर गेली की फ्रेम किंवा कपलॉकचं स्टेजिंग, म्हणजे नळ्या जोडून उभारलेला सांगाडा, घ्यावं.

स्टेजिंगमध्ये खरा खेळ लेजरच्या, म्हणजे उभ्या नळ्यांना जोडणाऱ्या आडव्या नळ्यांच्या, उंचीतल्या अंतराचा. कपलॉकची उभी नळी बाहेरून ४८.३ मिमी, पत्रा ३.२ मिमी. लेजर १ मीटरवर असतील तर या नळीचा बकलिंगचा (दाबाखाली मधून वाकून जाण्याचा) कागदी भार सुमारे २४० किलोन्यूटन निघतो, म्हणजे त्याआधी पोलादच दाबलं जाईल. लेजर २ मीटरवर गेले की तोच भार ६० वर येतो. वापरायचा भार या दोन्ही आकड्यांच्या बराच खाली ठेवावा लागतो, पण घसरगुंडीचा अंदाज यातून येतो. आता साइटवर काय होतं? गाडी किंवा माणसं जायला रस्ता हवा म्हणून मधला एक लेजर सोडवला जातो. 'एकच तर काढलाय.' त्या एकामुळे दोन उभ्या नळ्यांची मोकळी लांबी दुप्पट झाली. रस्ता हवा असेल तर तो ड्रॉइंगवर दाखवा, वर जड बीम टाका, दोन्ही बाजूंना जादा नळ्या द्या. नंतर पान्हा घेऊन ठरवायची ही गोष्ट नाही. तसंच जॅकचं, म्हणजे उंची जुळवायच्या स्क्रूचं. खालचा आणि वरचा जॅक जितका जास्त उघडाल तितकं नळीचं टोक मोकळं लोंबतं. उत्पादकाच्या तक्त्यात जॅकच्या उघडण्यानुसार भार कमी होत जातो. तो रकाना वाचला जात नाही, कारण तो नेहमी तक्त्याच्या उजव्या कोपऱ्यात असतो.

सगळ्यात दुर्लक्षित आडवा भार. टेकू वरून चिरडून पडल्याचं क्वचित दिसतं. ते बाजूला कलतात, एकमेकांना घेऊन जातात. आडवा जोर येतो कुठून? वारा, पंपाच्या पाइपचे धक्के, एकाच बाजूनं चाललेली भरणी, उतरता तळ, आणि सगळ्यात नक्की असलेला, टेकूंचा स्वतःचा कल. म्हणून बीएस ५९७५ उभ्या भाराच्या किमान अडीच टक्के आडवा भार धरायला लावतं. मीटरला २५ मिमी कल म्हणजेही अडीच टक्केच, हे लक्षात घ्या. सगळे टेकू एकाच दिशेला मर्यादेपर्यंत कलले तर नेमका एवढाच जोर बाजूला पडतो.

६ बाय ८ मीटरचा आपला स्लॅब म्हणजे ४८ चौरस मीटर, गुणिले ५.७५, सुमारे २७६ किलोन्यूटन. अडीच टक्के ६.९. म्हणजे सातशे किलोंचा जोर स्लॅबच्या पातळीला, कुठल्याही दिशेनं. तो अडवायला ४५ अंशात एक तिरकी नळी लावली, तर तिच्यात ६.९ भागिले ०.७०७, म्हणजे सुमारे ९.८ किलोन्यूटन येतात. पण नळीला धरणारी क्लॅम्प ६.२५ किलोन्यूटनपेक्षा जास्त भरवशानं धरत नाही, घसरते. म्हणजे प्रत्येक दिशेला किमान दोन कैच्या, म्हणजे अशा तिरक्या नळ्या, हव्यात. एक लावून फोटो काढला की काम झालं, असं नाही. आणि ६.२५ हा आकडाही क्लॅम्प ५० न्यूटन-मीटरनं आवळलेली असेल तेव्हाचा. पाव मीटर लांबीच्या पान्ह्याच्या टोकाला २० किलोंचा जोर, एवढं साधं ते माप. हातानं फिरवून 'बसली' म्हटलेली क्लॅम्प त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही.

कैच्यांना पर्याय आहे, आणि जिथे शक्य आहे तिथे मी तोच घेईन. कॉलम आधी भरून घ्यायचे, त्यांना पुरेशी ताकद येऊ द्यायची, आणि स्लॅबचं शटरिंग चारी बाजूंनी कॉलमला घट्ट भिडवायचं. मग आडवा भार कॉलम घेतात. पण 'भिडवायचं' म्हणजे फटीत पाचर ठोकून भिडवायचं. कॉलम आणि प्लायमध्ये १५ मिमीची फट असेल तर कॉलम मदतीला येईपर्यंत टेकू १५ मिमी कललेले असतात.

आता पायाखालची जमीन. प्रॉपची बेस प्लेट १५० बाय १५० मिमी. १०.३५ किलोन्यूटन त्यावर आले की जमिनीवर चौरस मीटरला ४६० किलोन्यूटनचा दाब. मऊ मातीला ७५ सुद्धा झेपत नाही. म्हणून फळी घालायची, हे सगळ्यांना माहीत आहे. फळी किती भार पसरवते हे मात्र फारसं कुणी मोजत नाही. २२५ मिमी रुंद आणि ३८ मिमी जाड फळी कितीही लांब असली तरी ती भार प्लेटच्या दोन्ही बाजूंना जाडीच्या साधारण दुप्पट अंतरापर्यंतच पसरवते. एकूण ३०० मिमी. दाब १५० च्या आसपास. पुढची फळी नुसती पडून असते, टोकं वर उचलली जातात. ७५ मिमी जाड फळी घेतली तर ४५० मिमी लांबी कामाला लागते आणि दाब १०० च्या जवळ येतो. यापेक्षा कमी हवा असेल तर फळ्यांचे दोन थर, खालचा आडवा.

पण आकड्यांपेक्षा जमिनीचा इतिहास जास्त त्रास देतो. पायाच्या खड्ड्यांभोवतीचा भराव, सांडपाण्याच्या पाइपसाठी खणून बुजवलेला चर, टाकीचं झाकण. वरून मुरूम पसरलेला असतो, सगळं एकसारखं दिसतं. ज्या टेकूखाली चर आहे तो ५ मिमी खचला की त्याचा भार दोन्ही शेजाऱ्यांवर जातो, आणि ते आधीच काठावर होते. चर कुठून गेला हे ड्रॉइंगवर असतं, ते टेकूंच्या ड्रॉइंगवर उतरवून घ्या. पाण्याची वाटही आधी ठरवा. कॉलमच्या क्युरिंगचं पाणी किंवा एक पाऊस फळीखाली मुरला की कालची कडक जमीन आज चिखल होते. आणि विटांची चवड टेकूखाली नको. अर्धी वीट, तिरकी ठेवलेली, वर प्लेटचा एक कोपरा टेकलेला, हा तर ठरलेला नमुना. उंची जुळवायला जॅक आहे. जॅक नसेल तर पाचरींची जोडी, एकमेकींवर उलट्या ठेवलेल्या, जुळल्यावर खिळा मारून पक्क्या केलेल्या.

जड कामात टेकूंखाली किंवा टेकूंवर लोखंडी आय-बीमची जाळी येते. तिथे एक जुनी चूक पुन्हा पुन्हा होते. १७ जून १९५८ रोजी कॅनडातल्या व्हँकूवरचा सेकंड नॅरोज पूल बांधकाम चालू असताना कोसळला. १८ कामगार गेले, नंतर शोध घेणारा एक पाणबुडाही. कारण मुख्य पुलात नव्हतं, तात्पुरत्या आधाराच्या पायथ्याच्या बीमच्या जाळीत होतं. कातर-ताण काढताना फक्त उभ्या पत्र्याचं क्षेत्रफळ घ्यायचं असतं, ते पूर्ण सेक्शनचं घेतलं गेलं होतं, आणि पत्र्याला आधार देणारे स्टिफनर नव्हते. आय-बीमवर एकाच बिंदूत मोठा भार आला की त्या खाली उभा पत्रा चुरगळतो. वाकण्याच्या हिशोबात बीम मजबूत निघाला म्हणून इथे सुटका नाही. टेकू जिथे बीमवर उभा आहे, तिथे दोन्ही बाजूंना स्टिफनर वेल्ड करा किंवा निदान पत्र्याची ताकद वेगळी काढा.

लाकडातही हाच प्रश्न, फक्त चुरगळणं हळू होतं. ७५ मिमी रुंद रनर १५० मिमीच्या यू-हेडवर टेकला तर टेकण्याचं क्षेत्र ११,२५० चौरस मिमी. साध्या प्रॉपचे १०.३५ किलोन्यूटन आले तर चौरस मिमीला १ न्यूटनच्या आत, काही होत नाही. स्टेजिंगच्या नळीवर ३० किलोन्यूटन आले तर २.७, आणि तिथे मऊ लाकूड दबायला लागतं. रेषांच्या आडव्या दिशेनं लाकूड दबलं की स्लॅबचा तळ खाली येतो, आणि तो परत वर जात नाही. न दबणाऱ्या लाकडातही प्रत्येक सांध्यात एक-दोन मिमी बसतात. प्लाय-वासा, वासा-रनर, रनर-यू-हेड, प्लेट-फळी. चार सांध्यांत पाच-सहा मिमी सहज जातात. लेव्हल लावताना तेवढं वर ठेवायचं.

हे सगळं कुणी बघायचं, हा प्रश्न १९७२ मध्ये ब्रिटनला पडला. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये लॉडन नदीवरच्या पुलाचं स्टेजिंग भरणी चालू असताना कोसळलं आणि तीन कामगार गेले. त्यानंतर नेमलेल्या ब्रॅग समितीनं १९७५ मध्ये अंतिम अहवाल दिला, आणि १९८२ मध्ये बीएस ५९७५ आलं. त्यातली मला सगळ्यात उपयोगी वाटणारी गोष्ट गणिताची नाही. तात्पुरत्या कामांसाठी साइटवर एक ठरलेला माणूस असतो, आणि भरणीला लेखी परवानगी तोच देतो. डिझाइन एकाचं, उभारणी दुसऱ्याची, काँक्रीट तिसऱ्याचं, आणि मधल्या फटीत टेकू. ती फट बुजवायला एक सही लागते. छोट्या साइटवर तो माणूस म्हणजे साइट इंजिनिअरच असेल, तरी कागद असू द्या. कागदावर सही करायची म्हटली की माणूस खाली वाकून पिना बघतो.

भरणीच्या दिवशी एक प्रथा मला अजिबात पटत नाही. स्लॅबखाली सुतार उभा ठेवायचा आणि टेकू सैल दिसला की त्यानं पाचर ठोकायची. भरणी चालू असताना टेकू आवळणं म्हणजे शेजारच्या टेकूंची वाटणी बदलणं, आणि ती बदलताना माणूस बरोबर त्याखाली. त्यापेक्षा स्लॅबच्या तळाला चार-पाच ठिकाणी ओळंबे सोडा, टोकाशी जमिनीत खुंटी रोवून तिच्यावर पेन्सिलीनं खूण करा. बाहेर उभं राहून ओळंब्याचं टोक खुणेच्या तुलनेत खाली आलं की बाजूला सरकलं एवढंच बघायचं. खाली थोडं आलं तर ते सांधे बसणं आहे. बाजूला सरकलं तर पंप थांबवा, सगळ्यांना वरून आणि खालून काढा, मग विचार करा.

अनेक मजल्यांच्या इमारतीत टेकूंखालची जमीन म्हणजे खालचा स्लॅब. तो राहण्यासाठीच्या भाराला बनलेला. समजा २ चालता भार आणि १ फ्लोअरिंगचा, म्हणजे त्याच्याकडे चौरस मीटरला ३ किलोन्यूटन शिल्लक. वरून येतायत ५.७५. म्हणून त्याच्याही खाली बॅकप्रॉप लावून भार पुढच्या स्लॅबला वाटायचा. इथे लोकांचा समज असतो की दोन स्लॅब म्हणजे निम्मा-निम्मा. तसं होत नाही. बॅकप्रॉपची एक पातळी असेल तर साधारण ७० टक्के वरच्या स्लॅबमध्येच राहतात आणि ३० टक्के खाली जातात, कारण भार घेण्याआधी वरच्या स्लॅबला वाकावं लागतं. ५.७५ चे ७० टक्के म्हणजे ४. शिल्लक ३ च होते. बॅकप्रॉपची दुसरी पातळी वाढवली तरी वरचा वाटा थोडाच उतरतो. म्हणजे नुसते टेकू वाढवून हा प्रश्न सुटत नाही. स्लॅब डिझाइन करणाऱ्याकडून त्या दिवसाच्या ताकदीवर तो ४ घेईल का हे लेखी घ्यावं लागतं, नाहीतर मजल्यांची सायकल, म्हणजे दोन भरणींमधला काळ, लांबवावी लागते. बॅकप्रॉप वरच्या टेकूंच्या ओळंब्यात लावा. अर्ध्या गाळ्यात सरकवले तर स्लॅबमध्ये उलट दिशेची वाक येते आणि तिथे वरची सळई नसते. आवळताना हातानं घट्ट, मग किंचितच आणखी. हातोड्यानं मारून आवळलेला बॅकप्रॉप वरचा स्लॅब उचलतो.

खोलणं ही उभारणीइतकीच योजनेची बाब. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ मधले दिवस बऱ्याच जणांना पाठ असतात. कॉलम-भिंतीच्या बाजू १६ ते २४ तास. स्लॅबखालचे टेकू ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याला ७ दिवस, त्याहून मोठ्याला १४. बीमखालचे टेकू ६ मीटरपर्यंत १४ दिवस, पुढे २१. पाठ नसतात त्या या तक्त्याच्या अटी. सिमेंट साधं पोर्टलँड आणि तापमान १५ अंशांच्या खाली न गेलेलं. फ्लाय अॅश किंवा स्लॅगचं सिमेंट वापरलं असेल, थंडी असेल, तर हे दिवस तुमचे नाहीत. तेव्हा क्यूब (त्याच काँक्रीटचे चाचणीचे ठोकळे) त्याच जागी, त्याच हवेत ठेवून फोडा आणि आकडा बघून खोला.

घाईची किंमत कशी असते ते २ मार्च १९७३ रोजी अमेरिकेत व्हर्जिनियातल्या स्कायलाइन प्लाझा इमारतीत दिसलं. २४ व्या मजल्याची भरणी चालू होती आणि २३ व्या मजल्याखालचे टेकू वेळेआधी काढले गेले. कॉलमभोवती स्लॅब आरपार कातरला गेला आणि तो एक मजला खालच्या सगळ्यांना घेऊन गेला. १४ कामगार मेले. बीम नसलेल्या सपाट स्लॅबमध्ये कॉलमभोवतीची कातरण्याची ताकद सगळ्यात शेवटी धोका दाखवते. वाकणं, भेगा, आवाज, काहीही आधी होत नाही.

खोलण्याचा क्रम साधा आहे, पण तो उलटा होतो. दोन्ही बाजूंना टेकलेल्या स्लॅबचे टेकू मधून सुरू करून कडेकडे काढायचे. कडेपासून सुरुवात केली तर स्लॅब मधल्या टेकूवर लटकतो आणि वरच्या बाजूनं तडकतो. कँटिलिव्हर, म्हणजे बाल्कनी किंवा छज्जा, उलट. टोकापासून सुरू करून भिंतीकडे यायचं. आणि एकेक टेकू पूर्ण काढत जाण्याऐवजी आधी सगळ्या ओळीचे जॅक पाव-पाव फेरा सैल करा, मग पुन्हा पाव. स्लॅबला आपलं वजन स्वतःवर घ्यायला तेवढा वेळ मिळतो. आयएस ४५६ मधल्या तीन दिवसांच्या ओळीत 'प्लाय काढा आणि टेकू लगेच परत लावा' असं आहे, तिथेही हेच लक्षात घ्या. टेकू एकदा निघाला की स्लॅब वाकून बसलेला असतो. परत लावलेला टेकू त्याला फक्त स्पर्श करतो, भार घेत नाही. म्हणून टेकू न हलवता प्लाय काढता येईल अशी मांडणी सुरुवातीलाच करायची. टेकूंच्या ओळीवर प्लायची ३०० मिमीची वेगळी पट्टी ठेवायची, मोठे तक्ते तिच्या दोन्ही बाजूंना येतील असे. तिसऱ्या दिवशी तक्ते निघतात आणि पट्टी टेकूंसकट जागच्या जागी राहते.